सुट्टीत मुलांना एक बाग द्या



वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की शाळेच्या फाटकाबाहेर जाहिरातींचे कागद वाटणारी माणसं उभी असतात. रोबोटिक्स, अबॅकस, स्केटिंग, सुलेखन, व्यक्तिमत्त्व विकास. दहा दिवसांचं शिबिर, शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि सगळ्यांचा एक फोटो. मग तुम्हा पालकांपैकी कुणी ना कुणी मला गाठून विचारतंच, "बाई, याला कशात घालू?" त्या विचारण्यामागची काळजी मला कळते. दोघंही नोकरीला, आजी-आजोबा घरी असले तरी त्यांच्याने मुलाच्या मागे पळवत नाही, आणि दुपारभर मोबाइल मुलाच्या हातातून सुटत नाही. शिबिरात निदान दोन तास तरी पोर गुंतून राहतं.

शिबिरांना माझा विरोध नाही. पोहायला शिकायचं तर तलावात आणि शिकवणाऱ्याच्या हाताखालीच शिकावं. पण शिबिरात मूल गिऱ्हाईक असतं, हे विसरू नका. फी भरलेली असते, वेळापत्रक ठरलेलं असतं, आणि दहाव्या दिवशी त्या जागेशी त्याचा संबंध संपतो. शहरात मुलाला मालक म्हणून वावरता येईल अशा जागा फार थोड्या उरल्या आहेत. सार्वजनिक बाग ही त्यातली एक. म्हणून या सुट्टीत शिबिराच्या जोडीला मुलाला एक बाग द्या. एकदा दाखवून आणण्यापुरती नको. तिथे पुन्हा पुन्हा जाऊ द्या, इतकं की माळ्यानं त्याला ओळखावं.

कुठल्याही गावात हे जमेल. पुण्यात एम्प्रेस गार्डन आहे, सारसबाग आहे. नागपुरात महाराजबाग, कोल्हापुरात टाऊन हॉलची बाग. मी मात्र माझ्या परिचयाच्या बागेबद्दल बोलते, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही. भायखळ्याची राणीची बाग. कागदोपत्री वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बेस्टच्या कंडक्टरला मात्र आजही 'राणीचा बाग' म्हटलं की पुरतं.

आपण तिथे जातो कसे, ते आधी आठवून बघा. मे महिन्यातला रविवार, अकराचं ऊन. तिकिटाच्या रांगेत अर्धा तास, मग थेट पेंग्विन. काचेपुढे पाच मिनिटं, सेल्फी, मागून रेटा. मग वाघ दिसला तर वाघ, हरणं, पाणघोडा, आइस्क्रीम आणि घर. मुलानं काय पाहिलं म्हणाल, तर पुढच्या माणसाची पाठ. दोन तासांत बाग 'करून' झाली, आता पुढच्या वर्षी. एवढ्यासाठी एवढा घाम गाळायची खरंच गरज नाही.

त्यापेक्षा साधा वार निवडा आणि बाग उघडताच आत शिरा. बुधवारी बाग बंद असते, तेवढं लक्षात ठेवा. टोपी, पाण्याची बाटली, एक वही, एक शिसपेन्सिल. खाणं-पिणं घरी परतल्यावर. पन्हं करून फ्रिजमध्ये ठेवलेलं असलं की परतायची घाई पोरंच करतात. एका फेरीत एकच गोष्ट बघायची. बाकी सगळं तिथेच असणार आहे, आणि आपण पुन्हा येणारच आहोत.

पहिली फेरी झाडांची करा, असा माझा आग्रह आहे. ही बाग मुळात झाडांसाठीच झाली. प्राणी मागाहून आले. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया नावाची संस्था मुंबईत शेती-बागायतीचे प्रयोग करत असे. तिची बाग आधी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी गेली, तेव्हा माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी बाग उठवण्यात आली, आणि १८६२ च्या नोव्हेंबरात गव्हर्नरांची पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते ती लोकांसाठी खुली झाली. १८७३ मध्ये कारभार मुंबईच्या नगरपालिकेकडे आला. प्राण्यांसाठी बाग वाढवली गेली ती त्यानंतर, १८९० च्या सुमारास. आज सुमारे ५० एकरांत अडीचशेहून जास्त जातींची झाडं उभी आहेत. लालबाग-परळच्या आणि भायखळ्याच्या मधोमध, गाड्यांच्या धुरात!

आणि एप्रिल-मे हाच झाडं बघायचा खरा मोसम. शाळेच्या पुस्तकात वसंताचं वर्णन पाठ करणाऱ्या मुलांना बहावा ओळखता येत नाही. ऐन उन्हात त्याची पिवळीधमक झुंबरं लोंबत असतात आणि त्याच झाडावर गेल्या वर्षीच्या हातभर लांब काळ्या शेंगाही असतात. ताम्हण याच दिवसांत जांभळा होतो. तो आपल्या राज्याचं फूल आहे, आणि महाराष्ट्रदिनाच्या आसपासच फुलतो. कैलासपतीपुढे मुलाला उभं करा आणि काही सांगू नका. फांद्यांच्या शेंड्यांना सोडून फुलं थेट बुंध्यातून का फुटलीत, हा प्रश्न त्यालाच पडू दे. वर तोफगोळ्यांसारखी फळं लटकत असतात. "खाली उभं राहू नको" एवढं मात्र जरूर सांगा.

गोरखचिंच शोधा. बुंधा एवढा अवाढव्य की चार-पाच मुलांनी हात धरून कवेत घ्यायची शर्यत लावावी. उन्हाळ्यात ती बहुधा उघडीबोडकी असते, आणि पोरं विचारतात, "बाई, हे मेलंय का?" मेलेलं नाही. बुंध्यात पाणी साठवून, पानं टाकून ते आपला कडक उन्हाळा काढत असतं. उत्तर लगेच देऊ नका. "पावसाळ्यात येऊन बघू" म्हणा. पुढच्या फेरीचं निमंत्रण झाडच देईल.

आता वही काढा. मुलाला जगाचा एक ओबडधोबड नकाशा काढायला लावा आणि जे जे झाड भेटेल त्याचं गाव त्यावर मांडा. गोरखचिंच आफ्रिकेची. गुलमोहर, जो आपल्याला इतका घरचा वाटतो, तो मादागास्करचा. कैलासपती आणि पर्जन्यवृक्ष दक्षिण अमेरिकेकडचे. उर्वशी ब्रह्मदेशातली. मग पेंग्विनही त्याच नकाशावर येऊ द्या: हम्बोल्ट जातीचे हे पक्षी मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, आणि २०१६ मध्ये ते भायखळ्यात पोचले ते दक्षिण कोरियातल्या सोलहून. नकाशावर सगळीकडून रेघा येऊन एका ठिपक्याशी मिळतात. कोण कुठून आलं, कुणी आणलं, कशासाठी आणलं, हे प्रश्न त्या रेघांतूनच निघतात. पाचवीच्या मुलाला व्यापार, वसाहत आणि हवामान हे तिन्ही विषय त्या एका पानावर भेटतात, तेही गृहपाठाचा वास न येता.

दुसरी फेरी दगडाची आणि धातूची. बागेला लागूनच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. त्याच्या आवारात एक दगडी हत्ती उभा आहे. रांगेतली निम्मी माणसं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. जिवंत प्राणी बघायला निघालेल्यांना दगडाचं काय! पण मुंबईच्या इतिहासातला हा सगळ्यात हिंडलेला हत्ती. तो घारापुरी बेटावर, धक्क्याजवळ उभा होता. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हणायला सुरुवात केली. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तो ढासळू लागला. पुढे इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचं ठरवलं, पण उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १८६४ मध्ये ते तुकडे या बागेत आणून ठेवले गेले, आणि पन्नास वर्षांनी, १९१४ मध्ये, पुन्हा जोडून हत्ती उभा केला गेला.

ही गोष्ट मी मुलांना आधी सांगत नाही. आधी हत्तीभोवती फिरायला लावते. एकदा दुसरीतल्या एका मुलीनं त्याच्या अंगावर बोट फिरवत फिरवत मला हाक मारली, "बाई, याला टाके घातलेत!" सांधे तिनं स्वतः शोधले होते. कुठला तुकडा कुठे संपतो ते ती मैत्रिणींना दाखवत सुटली. त्यानंतर जेव्हा मी यारी मोडल्याचं सांगितलं, तेव्हा वर्गातल्या सनावळीकडे पाठ फिरवणारी तीच पोरं अगदी कानात प्राण आणून ऐकत होती. इतिहास आधी हाताला लागला की कानाला गोड लागतो. आपण नेमकं उलट करतो. आधी पाटी वाचून दाखवतो आणि मग म्हणतो, "बघ, बघ नीट!"

तिथून मुलांना काळ्या घोड्याकडे न्या. फोर्टात काळा घोडा नावाचा भाग आहे, हे त्यांना माहीत असतं. पण ज्याच्यामुळे ते नाव पडलं तो घोडा इथे भायखळ्यात आहे, हे त्यांच्या आई-बाबांनाही ठाऊक नसतं. त्यावर बसलेला माणूस म्हणजे राणी व्हिक्टोरियाचा मुलगा, पुढचा सातवा एडवर्ड. तो युवराज असताना मुंबईला आला, त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी हा पुतळा दिला आणि १८७९ मध्ये तो बसवला गेला. स्वातंत्र्यानंतर परक्या राजाराण्यांनी भर चौकात कशासाठी बसायचं, असं लोकांना वाटू लागलं, आणि १९६५ मध्ये राजेसाहेबांची रवानगी इकडे झाली. राणीचा संगमरवरी पुतळाही याच आवारात आला. मुलांना विचारा, पुतळा फोडून टाकावा, तिथेच ठेवावा, की असा बागेत आणून ठेवावा? चौथी-पाचवीतली मुलं या प्रश्नावर अर्धा तास तावातावानं भांडू शकतात. त्यांना भांडू द्या. निकाल तुम्ही लावू नका.

ऊन चढलं की संग्रहालयात शिरा. हे संग्रहालय लोकांसाठी उघडलं तेही अशाच उन्हाळ्यात, २ मे १८७२ रोजी. तेव्हा त्याला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणत. १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. भाऊ दाजी मूळचे गोव्याकडचे, पेशानं डॉक्टर, प्राचीन शिलालेखांचे अभ्यासक. संग्रहालय उभं राहावं म्हणून ज्यांनी खटपट केली, पैसा उभा केला, त्यांत ते आणि जगन्नाथ शंकरशेट होते. ही नावं मुलांना रस्त्यांच्या पाट्यांवरून माहीत असतात. आत गेल्यावर ती माणसं होतात. मुलांना खिळवून ठेवतात ती मातीची लहान लहान बाहुलीवजा माणसं. जुन्या मुंबईतले नाना जातीधर्मांचे लोक, त्यांचे पोशाख, त्यांच्या पगड्या, त्यांचे धंदे. एक खेळ सांगते. प्रत्येकानं एक बाहुली निवडायची आणि ती आज जिवंत झाली तर कुठे राहील, काय काम करील, ते घरी जाऊन लिहायचं. संग्रहालयात सुट्टीत मुलांच्या कार्यशाळा होत असतात. त्यांची आणि संग्रहालयाच्या वेळांची चौकशी करूनच निघा. यालाही बुधवारी सुट्टी.

प्राण्यांकडे तिसऱ्या फेरीत वळा, आणि तेव्हाही एकाच पिंजऱ्यापुढे बसा. पुढे सरकत राहिलात तर प्राणी फक्त 'दिसतो'. अर्धा तास एका जागी बसलात तर तो काय काय करतो ते कळतं. कोण सावलीची जागा कुणाला देत नाही, कोण पाण्यात कान तेवढे वर ठेवून पडलंय, कोण एकाच रेषेत येरझाऱ्या घालतंय. वेळ टाकून वहीत टिपायला सांगा: नऊ चाळीस, उभा, नऊ पंचेचाळीस, पाणी प्यायला, नऊ पन्नास, झोपला. प्राण्यांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ हेच करतात. उन्हाळ्यात कर्मचारी प्राण्यांना गार फळं देतात, अंगावर पाणी मारतात. ते दिसलं तर नशीब. काच वाजवणं, ओरडणं, शेंगदाणे फेकणं नाही. हा नियम मुलांना सांगावा लागत नाही, पण शेजारी उभ्या असलेल्या काकांना मूल सांगतं आणि आपण ओशाळतो. ओशाळू नका. मुलाच्या बाजूनं उभे राहा.

इथेच मुलं तो अवघड प्रश्न विचारतात. "आई, त्यांना कोंडून का ठेवलंय?" किंवा, "आपल्या घरी एसी नाही आणि पेंग्विनला का?" दोन्ही प्रश्न झटकून टाकायचे नाहीत. थंड समुद्राकाठच्या पक्ष्याला मुंबईत ठेवायचं तर गारवा द्यावाच लागतो. मग त्याला मुंबईत ठेवावं का, हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर मोठ्या माणसांचंही एकमत नाही. प्राणिसंग्रहालयामुळे शहरातल्या पोराला प्राण्याबद्दल माया वाटू लागते, असं काही म्हणतात. ही माया प्राण्याच्या जिवावर कशाला, असं काही म्हणतात. दोन्ही बाजू मुलापुढे ठेवा आणि तुमचं मत विचारलं तर खरं सांगा. आठ वर्षांच्या मुलाला 'मला अजून ठरवता आलेलं नाही' हे उत्तर चालतं. 'गप चल पुढे' मात्र चालत नाही.

चौथ्या फेरीला आजी-आजोबांना घेऊन जा. बाकं आहेत, सावली आहे, गुडघ्यांची तक्रार थोडी कमी होईल. गिरणगावातल्या कितीतरी घरांत राणीची बाग म्हणजे लहानपणातली हक्काची सहल. हत्तीवरून फेरी मारता यायची, ही गोष्ट आजच्या मुलांना थाप वाटते. आजोबांना बोलू द्या. ते कुठून चालत यायचे, सोबत काय बांधून आणायचे, कोण हरवलं आणि कुठे सापडलं. दोन पिढ्यांना एकत्र बसून बोलायला विषय लागतो. नुसतं "आजोबांशी गप्पा मार" म्हणून भागत नाही. आजोबा ज्या झाडाखाली बसायचे ते झाड अजून आहे का, हे शोधायला नातवंडं निघाली की तुम्ही दोघं निवांत बाकावर टेका. सुट्टी तुमचीही आहे.

नोकरी करणारे पालक म्हणतील, एवढ्या फेऱ्या जमायच्या कशा? दर आठवड्याला एक जमली तरी पुरे, आणि प्रत्येक वेळी आईनंच जायला हवं असं कुठे लिहिलंय? इमारतीतल्या चार घरांनी पाळ्या लावून घ्या. एका शनिवारी हे बाबा, पुढच्या शनिवारी त्या मावशी. तिकिटाचा खर्च शिबिराच्या फीपुढे किरकोळ आहे. मुंबईबाहेर राहणाऱ्यांनी आपल्या गावच्या बागेत दगडी हत्ती नाही म्हणून हिरमुसू नये. सारसबागेच्या जागी एके काळी तळं होतं आणि गणपती त्यातल्या बेटावर होता, हे पुण्याच्या किती मुलांना माहीत आहे? प्रत्येक जुन्या बागेच्या पोटात अशी एखादी गोष्ट असते. ती तुम्हाला ठाऊक नसली तरी बिघडत नाही, मुलासोबत शोधा.

आता सुरुवातीला मी मालकीचं बोलले, त्याबद्दल. २००७ च्या सुमारास राणीच्या बागेचा कायापालट करून मोठं, परदेशी थाटाचं प्राणिसंग्रहालय करायचा आराखडा पुढे आला होता. त्यात जुनी झाडं जातील, बागेचं बागपण जाईल, म्हणून नागरिक आणि वनस्पतींचे अभ्यासक उभे राहिले. त्यांनी झाडं मोजली, नोंदी केल्या, पत्रं लिहिली, वारसा समितीपुढे बाजू मांडली. तो आराखडा त्या रूपात झाला नाही. कैलासपती आणि गोरखचिंच आज मुलांना दाखवता येतात, यात या माणसांचा वाटा आहे. ती बागेत वर्षानुवर्षं येत होती; झाडांना नावानं ओळखत होती. ज्यांनी बाग दोन तासांत 'केलेली' असते, त्यांना ती बदलली तरी कळत नाही, मग भांडणार कोण?

म्हणून सुट्टीचा शेवटचा उपक्रम प्रमाणपत्राचा नको, पत्राचा असू दे. महिनाभर फिरल्यावर मुलाला काही ना काही खटकलेलं असतं. अमुक झाडावर नावाची पाटी नाही, पाण्याचा नळ गळतो, बाक मोडलाय. किंवा काही आवडलेलंही असेल. माळीकाकांनी सुकलेली शेंग हातावर ठेवली, त्यांचं नाव कळवायचं असेल. महापालिकेच्या उद्यान विभागाला त्याला स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहू द्या. शुद्धलेखन तपासू नका, भाषा सजवू नका, खाली त्याची सही आधी आणि तुमची नंतर. पाकीट, पत्ता आणि तिकीट एवढंच काम तुमचं. उत्तर येईल किंवा येणार नाही. पाटी लागली का, नळ दुरुस्त झाला का, हे बघायला मात्र तो जूनमध्ये तुम्हाला पुन्हा बागेत ओढत नेईल. तेव्हा छत्री घ्या आणि मुकाट्यानं त्याच्यामागून जा.